घरदुरुस्ती : जुन्या वायरीला नवा ओव्हन



दिवाळी जवळ आली की या सदराकडे एक प्रश्न हमखास येतो. "वीस-पंचवीस वर्षांचा ओव्हन बंद पडला. सेलमध्ये नवा घेतला. आणणाऱ्यांनी तो स्वयंपाकघरात ठेवला आणि 'वायरिंग आमचे काम नाही' म्हणून ते निघून गेले. आता भिंतीतून तीन वायरी येताहेत आणि ओव्हनमधून चार. काय करू?" प्रश्न विचारणारे बहुधा इंजिनियर असतात, त्यामुळे त्यांना उत्तर अर्धे माहीत असते. आमचा अनुभव असा की धोका असतो तो या अर्ध्या माहितीतच. म्हणून या वेळचे सगळे सदर याच विषयाला दिले आहे.

आपल्या घरांत ओव्हनचे खरे उपयोग कोणते ते आपण जाणतोच. पहिला उपयोग कढया, तवे आणि कुकरची भांडी ठेवायचे कपाट हा. दुसरा, थंडीत आतला दिवा लावून रात्रभर दही विरजण्याचा. त्यानंतर चिवड्याचे पोहे भाजणे आणि नानकटाई, आणि सगळ्यात शेवटी केक. पण वर्षातून दहा वेळा का होईना, ओव्हन पेटतो तेव्हा घरातल्या इतर बहुतेक उपकरणांपेक्षा जास्त वीज खातो. शिवाय तो पत्र्याचा असतो, सिंकपासून चार हातांवर असतो, आणि त्याला हात लावणारे हात अनेकदा ओले असतात. भारतातून आलेले आई-बाबा घरात अनवाणीच वावरतात. तेव्हा हे जोडकाम "चालतेय ना, मग झाले" या हिशेबाने करून चालणार नाही.

विकत घेण्याआधीच तीन गोष्टी वाचा

दुकानात जाण्यापूर्वी टेपने खाच मोजतो तशा या तीन गोष्टीही कागदावर टिपून घ्याव्यात. भिंतीतले ओव्हन साधारणपणे २४, २७ आणि ३० इंच रुंदीचे मिळतात, पण रुंदी जुळली म्हणजे वीज जुळली असे नव्हे.

पहिली गोष्ट, जुन्या ओव्हनची पट्टी. दार उघडल्यावर चौकटीवर एक लहान पट्टी दिसते. तिच्यावर व्होल्ट आणि किलोवॅट किंवा अँपिअर लिहिलेले असतात. नव्या ओव्हनचे हेच आकडे त्याच्या माहितीपत्रकात मिळतात.

दुसरी गोष्ट, पॅनेलमधला ब्रेकर. ओव्हनचा ब्रेकर जोडीचा, म्हणजे एकाच दांडीने दोन्ही बाजू बंद करणारा हवा. त्याच्या दांडीवर २०, ३०, ४० किंवा ५० असा आकडा असतो. काही जुन्या घरांत दोन सुटे ब्रेकर शेजारी बसवलेले सापडतात. त्यातला एकच बंद केला तर ओव्हन थंड होतो, पण एक वायर जिवंतच राहते. हे ध्यानात ठेवा.

तिसरी गोष्ट, भिंतीतल्या वायरी किती, कोणत्या रंगाच्या आणि किती जाडीच्या. इथे नंबर जितका लहान तितकी वायर जाड. तांब्याच्या नेहमीच्या घरगुती केबलचा हिशेब असा : १२ नंबरला २० अँपिअर, १० नंबरला ३० अँपिअर, ८ नंबरला ४० अँपिअर, आणि ६ नंबर ५० च्या ब्रेकरला पुरते. केबलच्या वरच्या आवरणावर नंबर बहुधा छापलेला असतो.

आता शाळेतले गणित. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. ४,८०० वॅटचा एकेरी ओव्हन २४० व्होल्टवर २० अँपिअर घेतो. ७,२०० वॅटचा दुहेरी ओव्हन ३० अँपिअर घेतो. ब्रेकर कितीचा हवा हे मात्र आपण ठरवायचे नसते. ते नव्या ओव्हनच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असते आणि तोच आकडा पाळायचा.

इथून दोन वाटा फुटतात. जुना ब्रेकर ५० चा, वायर ६ नंबरची आणि नव्या ओव्हनची मागणी ३० ची असेल तर काळजी नाही. वायर जाड असल्याने काही बिघडत नाही, फक्त ब्रेकर ३० चा बसवून घ्यायचा, तोही त्या पॅनेलला चालणाऱ्या जातीचा. उलट प्रकार मात्र घातक. जुनी वायर १० नंबरची आणि नवा दुहेरी ओव्हन ४० मागतो, म्हणून नुसता ब्रेकर मोठा बसवला, तर ब्रेकर पडणार नाही आणि भिंतीतली वायर तापत राहील. ब्रेकर हा वायरीचा राखणदार आहे. वायर तीच ठेवून मोठा राखणदार आणणे म्हणजे त्याला झोपेची गोळी देणे. अशा वेळी नवी केबल ओढावी लागते. तो खर्च ओव्हन पसंत करतानाच धरायला हवा.

आणखी एक. काही घरांत कुकटॉप आणि भिंतीतला ओव्हन हे दोघे एकाच ५० अँपिअरच्या केबलवर असतात. तिथे नव्या ओव्हनचा हिशेब एकट्याचा न करता दोघांचा मिळून करायचा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी

मोठ्या इमारतींत अनेकदा तीन फेजची वीज येते आणि ओव्हनला २४० ऐवजी २०८ व्होल्ट मिळतात. फरक थोडा वाटतो, पण उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे ४,८०० वॅटचा ओव्हन तिथे सुमारे ३,६०० वॅटच देतो, म्हणजे तीन चतुर्थांश. "नवा ओव्हन तापायला फार वेळ घेतो" ही तक्रार घेऊन दुकानात भांडायला जाण्यापूर्वी पट्टीवर २०८ व्होल्टचा आकडा पाहावा. ओव्हन बहुधा निर्दोष असतो.

काळी वायर : आपल्या लोकांसाठी खास सूचना

हा परिच्छेद कृपा करून दोनदा वाचा. भारतात घरच्या वायरिंगमध्ये लाल, पिवळी, निळी म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल आणि हिरवी म्हणजे अर्थिंग, हे आपल्या डोक्यात लहानपणापासून बसलेले आहे. अमेरिकेत काळी वायर म्हणजे जिवंत फेज! पांढरी ही न्यूट्रल. हिरवी किंवा उघड्या तांब्याची ही अर्थिंग, जिला इथे ग्राउंड म्हणतात. ओव्हनच्या केबलमध्ये काळी आणि लाल या दोन्ही जिवंत असतात. पुण्या-मुंबईत घरचे फ्यूज बदललेला माणूस इथे काळ्या वायरीला निर्धास्तपणे हात लावतो तो या सवयीमुळे.

व्होल्टचा हिशेबही वेगळा. भारतात एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात. इथे काळी आणि पांढरी यांच्यात १२०, लाल आणि पांढरी यांच्यात १२०, आणि काळी व लाल यांच्यात २४०. ओव्हनची कॉइल २४० वर तापते. पण घड्याळ, पंखा आणि आतला दिवा यांतले बरेच काही १२० वर चालते आणि त्यासाठी पांढरी वायर लागते. थोडक्यात, आपले दही ज्या दिव्याच्या उबेवर लागते, त्या दिव्याचा करंट जुन्या ओव्हनमध्ये रात्रभर या पांढऱ्या वायरीतूनच परत जात असतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तीन की चार?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या देशात घरच्या वायरिंगचे नियम नॅशनल इलेक्ट्रिकल कोड या ग्रंथात असतात. त्याची पहिली आवृत्ती १८९७ ची, आणि तो दर तीन वर्षांनी सुधारून निघतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांबे वाचवण्यासाठी ओव्हन आणि ड्रायर यांना एक सवलत मिळाली : वेगळी ग्राउंड वायर नको, ओव्हनचा पत्रा न्यूट्रललाच जोडला तरी चालेल. युद्ध संपले, पण सवलत पन्नास वर्षे राहिली. १९९६ च्या आवृत्तीत ती नव्या वायरिंगपुरती काढून टाकण्यात आली. तेव्हापासून नवी केबल ओढली की चार वायरी लागतात : दोन जिवंत, एक न्यूट्रल, एक ग्राउंड. जुन्या घरातली आधीपासूनची तीन वायरींची केबल मात्र काही अटींवर तशीच वापरता येते. म्हणून आपल्या भिंतीतून तीन वायरी डोकावतात आणि नव्या ओव्हनमधून चार.

तीन वायरींत धोका कोणता? समजा वर्षानुवर्षांच्या तापण्याने न्यूट्रलचा एखादा जोड सैल होऊन सुटला. दिव्यापर्यंत आलेला करंट परत जायची वाट शोधतो. पत्रा न्यूट्रललाच जोडलेला असल्याने सगळ्या पत्र्यावर १२० व्होल्ट येतात. कॉइल तर २४० वर चालू असते, त्यामुळे ओव्हन तापतोही. कुणाला संशय येत नाही. आणि मग कोणीतरी एक हात ओव्हनच्या दारावर आणि दुसरा सिंकच्या नळावर ठेवतो. चार वायरींत पत्र्याची वाट वेगळी असल्यामुळे न्यूट्रल सुटली तर फक्त दिवा विझतो. दही लागत नाही, एवढेच नुकसान.

जोडणीचे चार प्रकार संभवतात.

पहिला प्रकार, भिंतीत चार आणि ओव्हनमध्ये चार. काळीला काळी, लालला लाल, पांढरीला पांढरी, ग्राउंडला ग्राउंड. पण एक खुबी आहे. बरेच ओव्हन कारखान्यातून पांढरी आणि ग्राउंड एकत्र बांधून, किंवा रेंज असेल तर मागे एक तांब्याची पट्टी लावून येतात. चार वायरींच्या घरात हा जोड सोडवायलाच हवा. तो तसाच राहिला तर चौथी वायर असून नसल्यासारखी.

दुसरा प्रकार, भिंतीत तीन आणि ओव्हनमध्ये चार. भिंतीतली तिसरी वायर ही खरी, आवरण असलेली न्यूट्रल असेल आणि तांब्याची १० नंबर किंवा त्याहून जाड असेल, तर ओव्हनची पांढरी आणि ग्राउंड या दोन्ही तिला जोडता येतात. इथे वरचा जोड ठेवायचा. जुन्या प्रकारच्या जाड केबलमध्ये न्यूट्रल उघडी असते. ती फक्त मुख्य पॅनेलमधूनच थेट आलेली असेल तर चालते, सबपॅनेलमधून आलेली चालत नाही. शिवाय ओव्हनच्या पुस्तिकेने आणि गावच्या इन्स्पेक्टरने याला मान्यता द्यायला हवी. आमचा कल विचाराल तर, पॅनेल बेसमेंटमध्ये असून छत उघडे असेल तर चार वायरींची नवी केबल ओढून घ्यावी. काम एका दिवसाचे असते आणि निश्चिंती कायमची मिळते.

तिसरा प्रकार फसवा. भिंतीत काळी, पांढरी आणि एक उघडी तांब्याची वायर. मोजल्या तर तीन! पण इथे पांढरी ही जिवंत म्हणून वापरलेली असते, आणि तसे दाखवायला तिच्यावर काळी किंवा लाल टेप असायला हवी. उघडी वायर ही ग्राउंड आहे. म्हणजे या केबलमध्ये न्यूट्रल नाहीच. ओव्हनची पांढरी वायर या उघड्या तांब्याला जोडली की ओव्हन झकास चालतो, आणि म्हणूनच अनेकजण तसे करतात. पण मग ग्राउंड वायरीतून रोज करंट वाहू लागतो. हे नियमबाह्य आहे आणि धोक्याचेही. इथे उपाय दोनच : न्यूट्रल न लागणारा, फक्त २४० वर चालणारा ओव्हन घ्या, नाही तर नवी केबल ओढा.

चौथा प्रकार सोपा. भिंतीत चार, पण नव्या ओव्हनला न्यूट्रल लागत नाही. मग भिंतीतल्या पांढऱ्या वायरीच्या टोकाला वायरनट लावून ती डब्यात नीट दुमडून ठेवायची. कापून टाकायची नाही. पुढच्या ओव्हनला ती लागेल.

अॅल्युमिनियमची पिडा

वायर चंदेरी दिसली तर थांबा. साधारण १९६५ ते १९७३ या काळात बांधलेल्या पुष्कळ घरांत तांबे महाग झाल्यामुळे अॅल्युमिनियमच्या वायरी घातल्या गेल्या. ओव्हनच्या जाड केबल तर इतर काळातल्या घरांतही अॅल्युमिनियमच्या सापडतात. वायर स्वतः वाईट नसते, पण तांब्याशी तिचा जोड बिघडतो. अॅल्युमिनियम तापल्यावर जास्त फुगते, दाबाखाली सरकते, आणि त्याच्यावर वीज न वाहणारा गंज चढतो. जोड सैल होतो, सैल जोड तापतो, आणि तापलेला जोड आणखी सैल होतो. ओव्हनच्या वायरी तांब्याच्या असतात, त्यामुळे हा जोड टळत नाही. साधे वायरनट इथे चालत नाहीत. अॅल्युमिनियम आणि तांबे या दोहोंसाठी मान्यता असलेलेच कनेक्टर हवेत. आपले घर त्या काळातले असेल तर हा जोड इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. इथे आम्ही हटवादी आहोत.

कामाचा क्रम

आपल्या गावचा नियम आधी विचारा. काही ठिकाणी घरमालकाला स्वतःच्या घरात परमिट काढून हे काम करता येते, काही ठिकाणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनच लागतो. टाउन ऑफिसात एक फोन केला की कळते. परमिटला पैसे पडतात म्हणून कुरकुरू नका. त्या पैशांत एक जाणकार माणूस येऊन आपले काम तपासतो. भाड्याच्या घरात असाल तर मालकाच्या परवानगीशिवाय हात लावू नका.

परवानगी असली आणि हात सवयीचे असले तर क्रम असा.

१. ब्रेकर बंद करा, त्यावर टेप लावा आणि घरात सगळ्यांना सांगा. मुलांनाही.

२. टेस्टर आधी चालू असलेल्या एखाद्या प्लगवर तपासा, मग ओव्हनच्या वायरींवर, मग पुन्हा त्या प्लगवर. मधल्याच वेळी तो गप्प राहिला तरच वायर मेलेली समजा. काळी, लाल, पांढरी, प्रत्येक जोडी तपासा.

३. जुना ओव्हन दोघांनी मिळून काढा. हे धूड बहुधा शंभर पौंडांहून जड असते. कढया आधी बाहेर काढा, हे सांगायला नकोच.

४. जुन्या वायरींचा फोटो काढून ठेवा. पण जुने जोडकाम बरोबरच होते असे धरून चालू नका.

५. ओव्हन भिंतीला जोडण्याआधी, चार वायरींच्या घरात, मल्टिमीटरने ओव्हनची पांढरी आणि त्याचा पत्रा यांच्यात थेट जोड उरलेला नाही ना ते पाहा.

६. सगळे जोड झाकण असलेल्या जंक्शन बॉक्समध्येच करा. वायरींच्या जाडीला आणि संख्येला योग्य असा वायरनट घ्या आणि प्रत्येक वायर ओढून पाहा. ओव्हनची लवचीक नळी बॉक्समध्ये शिरते तिथे योग्य क्लॅम्प लावा. ओव्हनच्या स्वतःच्या वायरी घरच्या वायरींपेक्षा बारीक दिसल्या तरी घाबरू नका. त्यांचे आवरण जास्त तापमान सोसणारे असते आणि कारखान्याने हिशेब केलेला असतो. त्या आखूड पडल्या तर मात्र साध्या वायरीचा तुकडा जोडून वाढवू नका.

७. रेंज असेल तर पायाशी मिळणारी, कलंडू न देणारी कडी बसवायला विसरू नका. उघड्या दारावर मूल चढले तर अख्खी रेंज पुढे येते.

८. ब्रेकर चालू करून ओव्हन ३५० अंशावर अर्धा तास चालवा, खिडकी उघडी ठेवून. पहिल्या वेळी तेलकट वास येतो, तो स्वाभाविक आहे. प्लास्टिक जळल्याचा वास, गुणगुण किंवा पडणारा ब्रेकर यांतले काहीही स्वाभाविक नाही. लगेच बंद करा.

एक मर्यादा मात्र पाळा. पॅनेलचे झाकण उघडून ब्रेकर बदलणे हे काम आम्ही वाचकांना सुचवत नाही. मुख्य स्विच बंद केला तरी बाहेरून येणाऱ्या वायरींची टोके आत जिवंतच असतात, आणि ती बंद करणे वीज कंपनीच्याच हातात असते.

इलेक्ट्रिशियनला काय विचारावे

सगळे काम दुसऱ्याकडून करून घेतले तरी वरची माहिती वाया जात नाही. त्याला चार प्रश्न विचारा. भिंतीत न्यूट्रल आणि ग्राउंड वेगळे आहेत का? ओव्हनमधला जोड सोडवला का, की ठेवला, आणि का? ब्रेकर पुस्तिकेप्रमाणे आहे का? वायर तांब्याची आहे की अॅल्युमिनियमची? चांगला कारागीर या प्रश्नांना आनंदाने उत्तर देतो. "त्याने काही फरक पडत नाही" असे म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावे.

हे पान ओव्हनच्या पुस्तिकेत घालून ठेवा. आणि ज्यांच्या घरी ओव्हनला हात लागताच कधी हलकीशी झिणझिणी जाणवली असेल, त्यांनी हे वाचून झाल्यावर लगेच ब्रेकर बंद करावा आणि तपासणी होईपर्यंत तो चालू करू नये. दही काउंटरवर शालीत गुंडाळूनही लागते. वेळ थोडा जास्त घेते, इतकेच.

पुढील अंकात : बेसमेंटमधले पाणी आणि संप पंप. आपले प्रश्न नेहमीप्रमाणे मंडळाच्या पत्त्यावर पाठवावेत, आणि कृपया घराचे बांधकाम कोणत्या वर्षीचे ते अवश्य लिहावे.